डाव्या हातातली कानबाई

डोक्यात गाठ निघाली म्हटल्यावर माणसानं एक तर मरावं, नाही तर ऑपरेशन करून मोकळं व्हावं. मी दोन्हींतलं काहीच करेना, ही माझ्या नातेवाइकांची खरी अडचण होती.

पहिल्या महिन्यात काय ती रीघ लागली होती! पाचोऱ्याची मावससासू आली, धुळ्याहून दीर आणि धाकटी जाऊ आली, एका लग्नात मानपानावरून माझ्याशी अबोला धरलेली नणंद डोळे पुसत आली. प्रत्येकाच्या हातात केळी. जळगावच्या माणसाला केळी आणून देतात, सांगा! पण आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि स्टँडबाहेर केळ्यांशिवाय मिळतं काय? मी पलंगावर बसलेली आणि समोर खुर्चीत कुणी ना कुणी मला शेवटचं बघून घेतंय, असा तो महिना गेला. मीही जरा हळू बोलायला लागले होते. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

पुढच्या वर्षी मी जिवंतच. लग्नात पंगतीला वाढत फिरतेय, ओरडतेय, हसतेय. मावससासूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बरी दिसतेस गं." तिला आनंद झाला असेलच, नाही असं नाही. पण आवाजात जरा फसवल्यासारखं होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिची केळी मी उगाच खाल्ली, असं वाटत राहिलं.

गाठ सापडली तीही भलत्याच कारणानं. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या गोळा करून उतरताना जिन्यात पाय घसरला आणि डोकं कठड्यावर आपटलं. आतून काही लागलं नाही ना, म्हणून फोटो काढला. लागलेलं काहीच नव्हतं. पण उजव्या बाजूला, कवटीच्या आतून चिकटलेली एक गाठ होती, आणि ती तिथं किती वर्षांपासून होती ते तिचं तिलाच ठाऊक.

जळगावचे आमचे डॉक्टर वयानं लहान, पण बोलणं सावकाश. त्यांनी फोटो उजेडात धरून समजावलं. गाठ मेंदूत नाही, मेंदूवरच्या आवरणात आहे. साधी आहे, कॅन्सरची नाही. हळूहळू वाढते, कधी वाढतही नाही. आज तिला हात लावण्यात जास्त धोका. "आपण बघत राहू," ते म्हणाले. "ठरलेल्या वेळी स्कॅन करायचा. मधे हात किंवा पाय आपोआप हलला, तोंड ओढल्यासारखं झालं, बोलता येईना, तर त्याच दिवशी यायचं. लपवायचं नाही."

आमच्या ह्यांनी विचारलं, "आणि तोपर्यंत काय करायचं?"

"नेहमीचं आयुष्य जगायचं."

हे सोपं वाटतं. पण घरात सगळे तुमच्याकडे बघत असताना नेहमीचं आयुष्य जगून दाखवा बरं! माझ्या हातून वाटी पडली की हे पेपर खाली करत. मी एखादं नाव विसरले की मुलगी फोनवर गप्प होई. मी ब्लाउज शिवते, घरीच दोन मशिनी आहेत, गिऱ्हाईक बरं आहे. एकदा एका बाईचा गळा मी उलटा बेतला. पूर्वी तिनं माझं डोकं खाल्लं असतं. आता म्हणाली, "राहू द्या हो ताई, तुमची तब्येत आधी." मला एवढा राग आला की तिला नवं कापड मी माझ्या पदरचं आणून दिलं. अहो, चुकले होते मी, गाठ नाही चुकली!

मग हळूहळू वारं फिरलं. मी मरत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचं श्रेय मिळालं कशाला, तर मी ऑपरेशन केलं नाही ह्याला. डॉक्टरांनी तोलूनमापून सांगितलेलं ते "बघत राहू" कुठल्या कुठं गेलं. खानदेशभरच्या आमच्या गोतावळ्यात एवढंच उरलं की हिच्या डोक्यात गाठ आहे, हिनं हात लावू दिला नाही, आणि बघा कशी ठणठणीत आहे, स्कूटीवर फिरते. कुणाला गाठ, कुणाला मस, कुणाला मुतखडा, की माझं उदाहरण निघे. मला फोन येत. आणि मी, शहाणी, सांगत असे, "गाठीला छेडायचं नसतं."

हे वाक्य माझं आहे. डॉक्टर असं कधीच म्हणाले नव्हते.

धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा मी ब्लाउजला हुक लावत होते. ती धुळ्याची. मी मूळची सोनगीरकडची, आता जळगावच्या बोलण्यात रुळले. ती मात्र माझ्याशी अहिराणीतच बोलते. मला ती अक्का म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला घरातलं सगळं शिकवलं, शिकवताना बोललेही बरंच. ती उलटून कधी बोलली नाही. बोलायचं ते हसत हसत बोलून जाते, आणि घरी गेल्यावर आपल्याला लागतं, अशी बाई.

तिला छातीत गाठ लागली होती. अंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती. "काय करू अक्का?" तिनं विचारलं.

मी हुक लावता लावता म्हणाले, "काही होत नाही गं. माझी बघ. दुखत नाही ना? मग राहू दे."

राहू दे! आजही हे दोन शब्द आठवले की मी हातातलं काम खाली ठेवते. तिनं राहू दिली. किती दिवस ते मी मोजलं नाही, मोजायची हिंमत नाही. शेवटी दीर तिला ओढून दवाखान्यात घेऊन गेला. सुई घालून तपासलं, आणि रिपोर्ट वाईट आला. डॉक्टर म्हणाले, लवकर काढायला पाहिजे, थांबू नका. ती म्हणाली, श्रावणातली कानबाई होऊ द्या, मग बघू.

इकडे माझंही एक प्रकरण सुरू झालं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मशिनवर बसले असताना डाव्या हाताचा अंगठा फडफडायला लागला. आपोआप. मी उजव्या हातानं तो धरून ठेवला, तरी आत फडफडतच होता. थोड्या वेळानं थांबला. मग पुन्हा काही दिवसांनी, या वेळी मनगटापर्यंत. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं: त्याच दिवशी यायचं, लपवायचं नाही. मी स्कॅनला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काही त्रास?" मी म्हणाले, "काही नाही हो, मजेत." का? कारण स्कूटी गेली असती. कारण ऑपरेशनची भीती होती. आणि खरं कारण हे की ठणठणीत म्हणून मी जिथं तिथं मिरवले होते. आता "आमच्यात बिघाड झाला बरं का" म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, धुळ्याला दिराच्या घरी, सगळी भाऊबंदकी तिथं जमते. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठीनं गहू मोजून दळायचे, त्याचे रोट करायचे, ते भाऊबंदकीबाहेर द्यायचे नाहीत. नारळाला नथ घालून चौरंगावर माय बसवायची, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर विसर्जनाला न्यायची. चौरंग उचलायचा मान मोठ्या सुनेचा, म्हणजे माझा. डोक्यात गाठ आहे, डोक्यावर चौरंग घेऊ नको, असं हे दरवर्षी म्हणत. मी दरवर्षी घेत असे. मानाचा प्रश्न होता.

उचलायच्या आधी आरती असते, आणि आरतीला कुणा ना कुणाच्या अंगात माय येतेच. त्या सोमवारी सकाळी आरती चालू होती, डफ वाजत होता, मी पुढं उभी. आणि माझा डावा अंगठा हलला. मनात म्हटलं, आत्ता नको गं बाई, आत्ता नको. अंगठ्यावरून मनगटात, मनगटावरून खांद्यात, सगळा हात झाडाची फांदी हलवावी तसा हलायला लागला. मी खाली बसले. तोंड डावीकडे ओढलं गेलं, मान डावीकडे हिसके घ्यायला लागली. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं दिसत होतं. फक्त बोलता येत नव्हतं.

"माय उनी! अक्काना आंगमा माय उनी!"

डफ जोरात झाला. कुणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं, कुणी पायावर पाणी घातलं. जी मला या घरात उखाणा विसरले म्हणून हसली होती, ती म्हातारी चुलतसासू माझ्या पायावर डोकं ठेवून होती. मला ओरडून सांगायचं होतं, अहो उठा, फिट आहे ही, डॉक्टरला बोलवा. जिभेचा गोळा झाला होता.

आणि मग जाऊ पुढं सरकली. तिनं माझे दोन्ही पाय धरले आणि वर बघून विचारलं, "माय, मन्ही गाठ काढू का नको? तू सांगशी तसं करसू."

माझी मान डावीकडे गेली. हिसका बसला, पुन्हा गेली, पुन्हा गेली.

"नही म्हनस! माय नही म्हनस!" बायका ओरडल्या.

मग थांबलं. जसं आलं तसंच गेलं. हात मांडीवर पडला, जड, माझा नसल्यासारखा. जीभ मोकळी झाली. मला बोलता येत होतं. हे नीट लिहायला हवं, कारण इथवर माझा दोष नव्हता आणि इथून पुढं सगळा माझा आहे. मला बोलता येत होतं, आणि मी बोलले नाही.

जाऊ रडत होती. सुटल्यासारखी रडत होती. इतक्या दिवसांची तिच्या तोंडावरची ती भीती पार उतरली होती, गालांवर रंग आला होता. आमची सगळ्यांची लाडकी, तिला आता कुणी कापणार नव्हतं. आजूबाजूला तीसेक माणसं हात जोडून. माझं कपाळ कुंकवानं भरलेलं. अशा वेळी उठून म्हणायचं, "माय नव्हती, झटका होता, आणि असे झटके मला कधीपासून येताहेत, मी लपवले"? मी पाणी मागितलं. पाणी प्याले. चौरंग त्या वर्षी दुसरीनं उचलला, "मायनं अंग धरलं, अक्का थकनी" म्हणून. मी मागून चालत पांझरेवर गेले आणि सगळ्यांबरोबर फुगडीची गाणीही म्हटली.

माझा कानबाईवर विश्वास आहे. नसता तर बरं झालं असतं, एवढी लाज वाटली नसती. त्या दिवशी पाण्यात उतरणाऱ्या चौरंगाकडे मला बघवेना. मनात म्हणत राहिले, माय, तुझ्या नावावर मी काय खपवलं.

जळगावला परत आलो. प्रसादाचे रोट संपेपर्यंत मी धीर धरला, म्हणजे भित्र्यासारखी बसून राहिले. रोज वाटायचं, दीर समजूतदार आहे, तो नेईलच तिला. एका संध्याकाळी त्याचा ह्यांना फोन आला. ऑपरेशनची तारीख घेतली होती, ती गेली नाही. नवी घेऊ म्हटलं तर म्हणते, मायनं नाही सांगितलंय, आता मला हात लावाल तर पांझरेत उडी घेईन. दीर फोनवर रडत होता. आमचे हे फोन ठेवून म्हणाले, "काय करावं? मायच नाही म्हणाली."

मी म्हणाले, "माय काही म्हणाली नाही."

मग सगळं सांगितलं. अंगठ्यापासून. ह्यांना मी कधी हात उगारताना पाहिलेलं नाही आणि त्या दिवशीही त्यांनी उगारला नाही. पण हातातला पेला त्यांनी एवढ्या जोरात ठेवला की पाणी उडालं. "आणि तू तिथं तोंड शिवून बसलीस? तुझ्या तोंडाला कधीपासून टाके बसायला लागले?" मी फडकं आणून सांडलेलं पाणी पुसलं.

सकाळी आधी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत, नुसते विचारत गेले, कधीपासून, किती वेळ, कुठपर्यंत, आणि लिहीत गेले. त्यानं जास्त लागलं. गोळ्या चालू झाल्या, स्कूटी बंद झाली. स्कॅनमध्ये गाठ किंचित वाढली होती. झटके गोळ्यांनी थांबतात का बघू, नाही तर काढू, म्हणाले. म्हणजे पुन्हा बघतच राहायचं. मी निघता निघता जावेच्या गाठीचं विचारलं. ते म्हणाले, "ती आणि ही, दोन्हींचं नाव फक्त एक आहे. ती थांबणार नाही. त्यांना आजच सांगा."

मी एकटीनं एसटी पकडली आणि धुळ्याला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते मनात शंभरदा म्हणून पाहिलं. जाऊ ओट्याशी चहा टाकत होती. मला बघून तिनं आधी हात धुतले आणि माझ्या पाया पडली. पूर्वी ती सणावाराला पडायची, तीही घाईघाईत. आता अशी पडली की मी मागं सरकले.

मी सांगितलं. काही लपवलं नाही. फिट होती, माझ्या डोक्यातल्या गाठीमुळं, मान आपोआप वळत होती, ते नाही म्हणणं नव्हतं. गोळ्यांची पट्टी पर्समधून काढून तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही.

"अक्का, तुले डॉक्टरनी शिकाडी धाडं," ती हसून म्हणाली. "मी मन्हा डोयानी माय देखी. तू शुद्धीवर नव्हतीस, तुले काय माहीत?"

"मी शुद्धीवर होते गं! सगळं ऐकत होते!"

"मग तवय का नही बोलनी?"

आता सांगा. काय सांगणार होते? मी म्हणाले, "लाज वाटली."

ती चहात साखर टाकता टाकता म्हणाली, "तुन्ही गाठ कोनी काढी? नही ना? तू मजामा फिरस. मग मन्हीच कसाले काढतस?"

"माझी साधी आहे. तुझी साधी नाही."

"तुलेच साधी भेटनी का?"

ती चिडून नव्हती म्हणाली. दुकानातून दोघींनी साडी आणावी आणि एकीची फाटकी निघावी, त्या सुरात म्हणाली. मला रडू फुटलं. रडून काही उपयोग नव्हता, कारण माझ्याकडे बघून ती मलाच समजावायला लागली, पाठीवरून हात फिरवायला लागली. ही बाई मरणार आहे आणि मला समजावतेय, हे मला सहन होईना.

मग मी जे केलं ते करताना मला आणखी कुणी पाहिलं असतं तर जमिनीत गडप झाले असते. ओट्याशेजारीच देव्हारा आहे. मी त्याच्यासमोर फतकल मारून बसले, पदर सोडला आणि डावा हात हलवायला लागले. अंगठा, मग मनगट, मग खांदा. क्रम मला माहीत होता. तोंड वाकडं केलं, डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, जी खऱ्या वेळी कधी बाहेर आली नव्हती. घशातून आवाज काढला. एवढ्या वर्षांत बायकांच्या अंगात आलेलं बघितलं होतं ते सगळं त्यात घातलं. आणि ओरडले, "काढी टाक! गाठ काढी टाक! मी सांगस!"

मागं चहा उतू गेला. गॅसवर चरचर झाली, दूध जळाल्याचा वास सुटला, तरी मी आपली घुमतेय. एका डोळ्यानं बघतेय की ही गॅस बंद करते का नाही.

तिनं गॅस बंद केला. माझ्यासमोर येऊन बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि मला थांबायचं कसं ते कळेना. शेवटी तिनं देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं, माझ्या कपाळाला लावलं, आणि म्हणाली, "बरं, माय. काढसू."

मी हात थांबवला आणि त्याच हातानं लगेच पदर सारखा केला. खऱ्या झटक्यानंतर तो हात कितीतरी वेळ उचलत नाही, हे परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आलं. तेव्हा मात्र मी चहा मागितला, तिनं तो नव्यानं टाकला, आणि आम्ही दोघी पापडाच्या भावावर बोलत बसलो.

ऑपरेशन धुळ्यालाच झालं. गाठ काढली, तिच्याबरोबर सगळंच काढावं लागलं. मग सलाइनवाटे ती औषधं सुरू झाली. उलट्या, तोंडात फोड, केस गळाले. मी महिन्यातून काही दिवस तिच्याकडे जाऊन राहत असे, पातळ वरण भरवत असे. डॉक्टर दिराला म्हणाले होते, आधी आला असतात तर एवढं करावं लागलं नसतं. दीर ते मला सांगत होता, माझ्या तोंडाकडे न बघता. मी वरणाची वाटी घेऊन आत गेले.

तिच्या खोलीत कधी त्या सकाळचा विषय निघाला नाही. मला वाटायचं तिचा विश्वास बसला आहे, बसू दे. एका खोट्यानं घालवलं, दुसऱ्या खोट्यानं आणलं. पण बायका तिला बघायला यायच्या आणि जाताना माझ्या पाया पडायच्या. मायनं आधी नाही म्हटलं, मग स्वतः येऊन हो म्हटलं, केवढी कृपा, अशी गोष्ट साऱ्या भाऊबंदकीत झाली होती. मी पाय मागं घ्यायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचे, घासलेलीच.

यंदा पुन्हा कानबाई बसली. जावेच्या डोक्यावर बोटभर केस आलेत, पदराखाली झाकते. औषधं संपली आहेत, तिलाही आता ठरलेल्या वेळी तपासायला जायचं असतं. मला गोळ्या लागू पडल्या, अंगठा वर्षभरात हलला नाही. गाठ आहे तिथं आहे, आम्ही बघतोय.

सोमवारी आरतीला मला सगळ्यांनी पुढं उभं केलं. डफवाल्यानं माझ्याकडे बघून डफ वाढवला. आरती संपली, तरी वाजवतच राहिला. बायका वाट बघत होत्या. हळद-कुंकवाचं ताट घेऊन चुलतसासू तयार, लिंबं कापून ठेवलेली. आणि सगळ्यांत पुढं पुतण्याची बायको, कडेवर मुलगा. तो मुलगा वय झालं तरी बोलत नव्हता, हाक मारली तर वळत नव्हता. दवाखान्यात न्यायचं की आपोआप बोलेल, हे ती मायला विचारणार होती. तिनं मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, म्हणजे मायच्या कानावर आधी घालून ठेवलं होतं.

डफ थांबेना. सगळ्यांचे डोळे माझ्या डाव्या हातावर. त्या पोरीचे डोळे तर असे, की मला उभं राहवेना. खोटं सांगत नाही, मी बोटं हलवून पाहिली. एकदा केलं होतं, चांगल्या कामासाठी केलं होतं, पुन्हा चांगल्याच कामासाठी करायचं. पोरगं दवाखान्यात जाईल. मग पुढच्या वर्षी आणखी कुणी. मी हात अर्धा उचललासुद्धा.

जावेनं तो हात धरला. धरून खाली केला आणि डफवाल्याला म्हणाली, "बंद कर रे. आते अक्काना आंगमा माय येणार नही. तिले फिटन्या गोया चालू शेतस."

चुलतसासूच्या हातातलं ताट तसंच राहिलं. जाऊ त्या पोरीकडे वळली आणि साध्या आवाजात म्हणाली, "पोऱ्याले कानना डॉक्टरले दखाड. उद्याच जाय. मी येस संगे."

बायकांची कुजबुज सुरू झाली. मला तोंड कुठं लपवू असं झालं. मी खाली मान घालून हळूच तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"चहा उतू जाई ऱ्हायंता आन् तू एक डोया उघडा ठेई घुमी ऱ्हायंती," ती म्हणाली. "माले काय समजत नही का?"

"मग ऑपरेशन केलंस कसं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. हसत नव्हती. "अक्का, तू केवढी मानी बाई. चुकनी तरी कधी कोनाले चुकनू म्हनत नहीस. ती तू मन्हासमोर जीभ काढीसनी बठनी. तवय माले समजनं, आते आपलं काही खरं नही."

एवढं बोलून तिनं माझा पदर डोक्यावर नीट ओढला आणि चौरंग उचलायला माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली.